साठा उत्तरांची कहाणी, पाचा उत्तरांची घाई

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही ज्येष्ठ श्रोत्यांनी विचारलं, ‘तत्त्वज्ञानाच्या माणसाला मालिकांचं काय पडलंय?’ प्रश्न रास्त आहे, पण तो मालाडमध्ये विचारला जावा याची गंमत वाटते. १९३४ साली बॉम्बे टॉकीज उभी राहिली ती इथे. आजही मढच्या बाजूला मालिकांचं चित्रीकरण चालतं. गोष्टी बनवण्याचा धंदा या उपनगराच्या अंगवळणी पडलेला आहे. तेव्हा चांगली चाललेली गोष्ट शेवटाला बिघडते कशी, याचा विचार इथे बसून करायला काहीच हरकत नाही.

उदाहरण घेऊ ‘गेम ऑफ थ्रोन्स’चं. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जॉर्ज मार्टिन या अमेरिकन लेखकाच्या कादंबरीमालेवर आधारलेली ही मालिका. काल्पनिक राज्यं, एक लोखंडी सिंहासन, त्यासाठी भांडणारी घराणी, तीन ड्रॅगन, आणि उत्तरेकडून येणारी मृतांची फौज. २०११ साली सुरू झाली, १९ मे २०१९ रोजी संपली. आपल्याकडे शेवटच्या पर्वाचे भाग सोमवारी पहाटे दिसायचे. ऑफिसला जाण्याआधी मोबाइलवर ते पाहून लोकलमध्ये त्यावर वाद घालणारी तरुण मंडळी तेव्हा आम्ही पाहिली आहेत. आणि शेवट आल्यावर झालं काय? आठवं पर्व सक्षम लेखकांकडून पुन्हा लिहून घ्या, अशा मागणीच्या ऑनलाइन अर्जावर दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मालिकेला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचं एमी पारितोषिकही मिळालं. म्हणजे परीक्षक एकीकडे, प्रेक्षक दुसरीकडे.

या नाराजीची वासलात दोन प्रकारे लावली जाते. एक म्हणजे, ‘आवडतं पात्र मेलं म्हणून रुसलेत.’ दुसरी, ‘इतक्या मोठ्या गोष्टीचा शेवट कसाही केला तरी लोक ओरडणारच.’ ही दोन्ही उत्तरं आम्हाला आळशी वाटतात. पहिल्याचं उत्तर मालिकेतच आहे. पहिल्याच पर्वात, प्रेक्षक ज्याला नायक समजून बसले होते त्या नेड स्टार्कचं मुंडकं उडवलं गेलं. तिसऱ्या पर्वात एका लग्नाच्या मेजवानीत त्याची बायको आणि मुलगा कापले गेले. लोक हादरले, रडले, आणि पुढच्या भागाची वाट पाहू लागले. का? कारण त्या मरणांना कारण होतं. नेडने दयेपोटी शत्रूला आधी सावध केलं आणि ती दया त्याच्या गळ्याशी आली. मुलाने एका घराण्याला दिलेला लग्नाचा शब्द मोडला, त्याची किंमत मोजावी लागली. प्रसंग कल्पनेपलीकडचा, पण मागे वळून पाहिलं की वाटावं, हे असंच होणार होतं! घटना अनपेक्षित असाव्यात आणि तरीही एकमेकींतून निघालेल्या असाव्यात, असं ॲरिस्टॉटलने शोकांतिकेबद्दल म्हटलं आहे, ते हेच. ज्या प्रेक्षकाने हे सगळं सोसलं, त्याला गोड शेवटाचा हट्टी म्हणता येणार नाही.

प्रेक्षकाला नेहमी गोडच हवं असतं हा समज आपल्या देशातही एकदा खोटा ठरलेला आहे. रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका ३१ जुलै १९८८ला संपली ती रामाच्या राज्याभिषेकावर. याहून मंगल शेवट कोणता? पण उत्तर भारतात काही शहरांमध्ये सफाई कामगार संपावर गेले. मागणी काय, तर उत्तरकांडही दाखवा. त्यात वाल्मीकींच्या आश्रमात राहिलेली सीता आहे, लव-कुश आहेत. आपल्या वाल्मीकींचा भाग गाळून कथा पुरी कशी होईल, हे त्यांचं म्हणणं होतं. पुढे तो भागही निघाला. राज्याभिषेकानंतरची कथा दुःखाची आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी लोकांनी ती मागून घेतली, कारण त्यांना कथा पूर्ण हवी होती.

दुसरं उदाहरण आपल्या मराठीतलं. ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ साली सुरू झाली ती अण्णा नाईकांच्या मृत्यूने. सावंतवाडीजवळच्या आकेरीतला तो वाडा घराघरात पोहोचला. २०१९ साली दुसरा भाग आला तो पूर्वकथेचा, म्हणजे अण्णा हयात असतानाचा. आता बघा, या माणसाचा शेवट काय होणार हे प्रेक्षकाला पहिल्याच दिवशी माहीत होतं. उत्सुकता ताणायला तिथे जागाच नव्हती. तरी माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि शेवंता पाहायला माणसं रात्री टीव्हीसमोर बसलीच ना? शेवट ठाऊक असल्याने गोष्ट बिघडत नाही, हे यातून दिसतं. माणसाला बघायचं असतं ते तिथवर कसं पोहोचलं जातं ते. एक माणूस आपल्या वासनेने आणि दहशतीने स्वतःचाच वाडा कसा पोखरतो, ते.

मग ‘गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये नेमकं काय हरवलं? आमच्या मते, कर्म आणि फळ यांमधला काळ हरवला.

भरताच्या नाट्यशास्त्रात कथानकाच्या पाच संधी सांगितल्या आहेत. शेवटची निर्वहण. सुरुवातीला बी पेरायचं, ते अंकुरतं, मध्ये दिसतं-लपतं, संकटात सापडतं, आणि निर्वहणात आधी विखुरलेलं सारं एका ठिकाणी आणायचं. यात महत्त्वाचं हे की निर्वहणात नवं काही आणून ठेवायचं नसतं, जे वाढत आलंय ते गोळा करायचं असतं. पीक काढायचं, पण शेतात उगवलेलं.

डेनेरिस या राणीचं घ्या. गुलामांना मुक्त करणारी, ड्रॅगनची आई. उपांत्य भागात राजधानी शरण आल्याच्या घंटा वाजतात आणि ही बाई ड्रॅगनवर बसून शरण आलेलं अख्खं शहर जाळते. मालिकेची बाजू घेणारे म्हणतात, ‘याची चिन्हं आधीपासून होती.’ होतीच. चौथ्या पर्वात तिने १६३ गुलाममालकांना खांबांवर ठोकलं होतं. सातव्यात शरण न येणाऱ्या बापलेकाला जिवंत जाळलं होतं. म्हणजे बी होतं. पण अन्यायाचा सूड घेणाऱ्या हातापासून निरपराधांना जाळणाऱ्या हातापर्यंत जाणं हा माणसाच्या आयुष्यातला फार लांबचा रस्ता आहे. न्यायाची खात्री माणसाला क्रूर कशी करते, हा तर नीतिशास्त्रातला मोठा प्रश्न! तो दाखवायला दोन पर्वंही कमी पडली असती. इथे मैत्रीण गेली, विश्वासू सरदार गेला, एक ड्रॅगन गेला, प्रियकराचा सिंहासनावर अधिक हक्क निघाला, हे सगळं अवघ्या तीन-चार भागांत उरकलं. बी आणि पीक दोन्ही दाखवलं, मधला पावसाळा गाळला. लोकांनी आपल्या मुलींना या पात्राच्या पदवीवरून ‘खलिसी’ नाव ठेवलं होतं. अमेरिकेत २०१८ या एका वर्षात अशा पाचशेहून अधिक मुली जन्मल्या. त्या आईबापांना शेवटी काय सांगितलं गेलं? बाईच्या हाती सत्ता गेली की तिचं डोकं फिरतं, एवढंच. लेखकांना असं म्हणायचं नसेलही. पण कारणांना वेळ दिला नाही की प्रेक्षकाच्या हाती उरतो तो जुना पूर्वग्रह. म्हणून ही चूक नुसती तंत्राची राहत नाही.

ब्रॅनचं उदाहरण तर आणखी बोलकं. शेवटी राजा कोण व्हावा, तर ज्याची कहाणी सर्वांत श्रेष्ठ तो ब्रॅन, असा युक्तिवाद टिरियन करतो. कल्पना सुंदर आहे. पण हा ब्रॅन पाचव्या पर्वात एकदाही दिसत नाही. दहाच्या दहा भाग! ज्याच्या कहाणीवाचून लेखकांचं वर्षभर अडलं नाही, त्याची कहाणी श्रेष्ठ, हे प्रेक्षकाने केवळ कुणी म्हणतंय म्हणून मानायचं. जे दाखवायचं होतं ते सांगून भागवलं.

आपल्या व्रताच्या कहाण्या कशा संपतात ते घरोघरी माहीत आहे. साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण होते. योगायोग पाहा, या मालिकेच्या पहिल्या सहा पर्वांचे भाग बरोबर साठ. नंतर सातव्याचे सात, आणि शेवटच्याचे फक्त सहा. मार्टिन यांचा पाचवा खंड २०११ साली आला, सहावा आलाच नाही; मालिका पुस्तकांच्या पुढे निघून गेली आणि बेनिऑफ व वाइस या लेखकद्वयाला पुढची वाट स्वतः काढावी लागली. वाहिनी आणखी भाग द्यायला तयार होती, त्यांनाच थोडक्यात आटपायचं होतं. आता, व्रताची कहाणी आवरती घेता येते, कारण ती ऐकणाऱ्याला फळ ठाऊक असतं आणि तिचं काम श्रद्धा जागवण्याचं असतं. जी कथा साठ भाग सांगत आली की या जगात प्रत्येक कृतीची किंमत मोजावी लागते, तिला ही सवलत नाही. तिने स्वतःच घातलेला नियम तिने शेवटाला मोडला.

तरीही त्या दहा लाख सह्यांबद्दल आमचं मत वेगळं आहे. ‘हे फसलं’ म्हणण्याचा प्रेक्षकाला पूर्ण अधिकार आहे, आणि त्यासाठी लेखक असावं लागत नाही. भाजी खारट झाली हे कळायला आचारी असावं लागतं का? पण ‘आम्हाला हवं तसं पुन्हा करून द्या’ ही मागणी गिऱ्हाइकाची झाली. ‘रामायणा’च्या वेळी संपावर गेलेल्यांनी जे मागितलं ते परंपरेत आधीपासून होतं, ते फक्त वगळलं गेलं होतं. इथे लोक मागत होते ते अस्तित्वातच नव्हतं. ते लिहायचं कुणी, आणि कुणाच्या बहुमताने? सह्या मोजून लिहिलेला शेवट कुणालाच दुखावणार नाही, आणि कुणाला हलवणारही नाही. नेड स्टार्कला मारायचं का, असा कौल घेतला असता तर तो आजही जिवंत असता आणि मालिका कुणाच्या लक्षातही राहिली नसती.

मग या नाराजीचं करायचं काय? आम्ही म्हणू, ती नीट शब्दांत मांडायची. तरुण मित्रांना आमचं सांगणं असं, की ‘बकवास शेवट’ म्हणून थांबू नका. कोणत्या भागात कोणतं कारण गाळलं गेलं, ते दाखवा. ही शिस्त मालिकेपुरती उपयोगाची नाही. बाहेरच्या जगात फळ एकाला आणि कर्म दुसऱ्याचं असं आपण रोज पाहतो, आणि ‘का’ विचारलं की कुणीतरी एखादं छान भाषण ऐकवून गप्प बसवतं. गोष्टीत ‘का’ विचारायची सवय लागलेला माणूस अशा भाषणाने सहजासहजी गप्प बसणार नाही. आता तुमचे प्रश्न घेऊ.