बाटलीवरचें नांव

मासिकाच्या पानांवर मद्याची चर्चा पाहून आमच्या कांहीं वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हें आम्ही जाणतों. पण मद्य प्यावें कीं न प्यावें हा येथें वाद नाहीं. आम्हांस पाहावयाचें आहे तें एका फ्रेंच घराण्यानें स्वतःविषयीं तयार केलेलें वाङ्मय. कुलकथा सरदाराची असो वा सावकाराची, ती वाङ्मयाचाच एक प्रकार होय. आणि बखरींवर पोसलेल्या मराठी वाचकास ती कशी वाचावी हें शिकवावयास नको.

फ्रान्सच्या ईशान्य भागांत, मार्न नदीच्या कांठीं, एपर्ने शहराजवळ एक लहानसें गांव आहे. त्याचें नांव 'आई'. (फ्रेंच उच्चार तसाच आहे, आमचा इलाज नाहीं.) चुनखडीच्या टेकड्या, उतारावर द्राक्षांचे वेल आणि पोटांत कोरलेलीं थंडगार तळघरें, असा तो शॅम्पेन प्रांत. आईमध्यें १८२९ सालीं बोलँजे ही पेढी निघाली. इंग्रज तिला बोलिंजर म्हणतात. तिच्या स्थापनेची हकीकत मोठी मार्मिक आहे. व्हिलेर्मों नांवाच्या उमरावाजवळ द्राक्षमळे होते, पण उमरावानें आपलें नांव व्यापारास लावणें कुलीनतेस शोभणारें नव्हतें. मग नांवें लागलीं तीं रनोदँ व बोलँजे या दोघां भागीदारांचीं. पैकीं बोलँजे हा जर्मनींतील व्युर्टेंबर्गचा. तो पुढें त्याच उमरावाचा जांवई झाला व फ्रेंच नागरिकहि झाला. म्हणजे जमीन एकाची, नांव दुसऱ्याचें. आणि जें पेय आज फ्रान्सच्या राष्ट्रीय अभिमानाचा विषय आहे, त्याच्या बाटलीवर परदेशांतून आलेल्या मनुष्याचें नांव! क्रुग, डॉइट्झ, मुम, हाइड्सिक हीं नांवेंहि त्याच दिशेकडून आलेलीं आहेत.

घराण्याच्या कथेंतील सर्वांत रेखीव पात्र म्हणजे लिली बोलँजे. माहेरचें नांव लॉ द लोरिस्तों. त्या नांवाचा एक पुरुष अठराव्या शतकांत पांडिचेरीचा गव्हर्नर होता, हें आपल्याकडील इतिहासाच्या अभ्यासकांस आठवेल. १९४१ सालीं पति वारला. देश जर्मनांच्या ताब्यांत. अशा वेळीं या निपुत्रिक विधवेनें पेढी हातीं घेतली आणि १९७१ पर्यंत, म्हणजे तीस वर्षें, चालविली. सायकलवर बसून मळ्यांतून हिंडणारी ही बाई छायाचित्रांतून सर्वत्र पोंचली आहे. कथाकारांस असें पात्र मिळालें कीं त्यांची लेखणी आवरत नाहीं. आम्हांस मात्र सायकलपेक्षां तिची चिकाटी अधिक वाटते. बाटलींत दुसऱ्यांदा आंबतांना आंत सुमारें सहा वातावरणांचा दाब उत्पन्न होतो आणि किण्वाचा गाळ खालीं बसतो. त्या गाळावर मद्य वर्षानुवर्षें पडूं देऊन मगच तो काढावयाचा व बाटली लगेच विकावयाची, हा प्रकार तिनें १९५२ सालच्या मद्यापासून चालू केला. भांडवल असें दीर्घकाळ अंधारांत झोंपवून ठेवणें हें भागधारकांच्या कंपनीस सहसा परवडत नाहीं, घराण्यास परवडतें. फिलॉक्सेरा किड्यानें युरोपभर वेल मारल्यावर सर्वत्र अमेरिकन मुळांवर कलमें बांधलीं गेलीं. आई गांवांतील दोन लहान तुकड्यांत मात्र जुन्या पद्धतीचे, कलम न केलेले वेल टिकले, आणि १९६९ च्या हंगामापासून त्यांचें मद्य या घराण्यानें वेगळें काढलें. लांकडी पिंपांत मद्य आंबविणें व पिंपें दुरुस्त करणारा कारागीर पदरीं ठेवणें हेंहि येथें अद्याप चालतें. याला आम्ही ढोंग म्हणणार नाहीं. स्तुतीस पात्र असेल त्याची स्तुति करावी.

परंतु कथा जेथें गोड होते तेथेंच वाचकानें सावध व्हावें. शॅम्पेन प्रांतांतील द्राक्षमळ्यांपैकीं सुमारें नऊ दशांश जमीन शेतकऱ्यांची. पेढ्यांची फार तर एक दशांश. उलट विक्रीचा मोठा वांटा पेढ्यांच्या नांवावर. बोलँजेचे स्वतःचे सुमारें १८० हेक्टर मळे असून तिच्या गरजेचीं निम्म्याहून अधिक द्राक्षें त्यांतून येतात, हा अपवाद होय. म्हणूनच १९११ सालचें प्रकरण तिच्या कथेंत तिच्या बाजूचें ठरतें. पिकें बुडालेलीं, पेढ्या बाहेरच्या प्रांतांतून स्वस्त द्राक्षें आणतात, आणि १९०८ सालीं आंखलेली शॅम्पेनची हद्द मोडण्याची शिफारस फ्रेंच सिनेट करते. एप्रिल महिन्यांत मार्नचे शेतकरी उठले. आईमध्यें तळघरें फुटलीं, इमारती पेटल्या. आयाला ही पेढी जळाली, बोलँजे वांचली. घराणें याचा अर्थ आपल्या सचोटीची पावती असा लावतें. असेलहि. पण सचोटीची पावती ज्यांनीं दिली त्यांस घराण्याच्या कथेंत एकहि वाक्य बोलावयास मिळत नाहीं. पुढें २००५ सालीं बोलँजेनें तीच आयाला विकत घेतली.

ही उणीव अमेरिकन इतिहासकर्त्री कोलीन गाय यांच्या २००३ सालच्या ग्रंथानें बरीच भरून काढली आहे. शॅम्पेन हें पेय 'फ्रेंच' कसें झालें, हा त्यांचा विषय. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, पेढीवाले व शेतकरी दोघेहि राष्ट्राच्याच नांवानें बोलत होते. एकानें म्हणावें, फ्रान्सची कीर्ति आमच्या बाटलीनें वाढली. दुसऱ्यानें म्हणावें, ती कीर्ति आमच्या मातींतून उगवते. दोन्हीं हक्क एकाच शब्दाच्या आड लपलेले. हा विचार आम्हांस पूर्णपणें पटतो. तक्रार एवढीच कीं ग्रंथाचें वळण प्रबंधाचें आहे, आणि ज्या शेतकऱ्यासाठीं तो लिहिला तो त्यांत जिवंत उभा राहत नाहीं. पेढीवाल्यांजवळ पात्र आहे, पुरावा थोडा. विदुषीजवळ पुरावा आहे, पात्र नाहीं.

पेरिन्यों नांवाच्या साधूची गोष्टहि याच कुळांतली. तो १६६८ पासून १७१५ पर्यंत ओव्हिलेरच्या मठांत तळघराचा अधिकारी होता आणि त्यानेंच फसफसणारें मद्य शोधलें, असें जग मानतें. पण साखर घालून मद्यास फसफस आणण्याची युक्ति इंग्रज विद्वान् मेरेट यानें १६६२ सालींच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें मांडली होती. साधूची कीर्ति पसरली ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकांत. त्या वेळीं प्रांताच्या नांवाला एक पुण्यपुरुष हवा होता.

नांवाचें हें रक्षण इतकें कडक आहे कीं प्रांताबाहेर कोणी त्याच रीतीनें मद्य केलें तरी त्यास शॅम्पेन म्हणतां येत नाहीं. आमच्या पुणें जिल्ह्यांत नारायणगांवास १९८० च्या दशकांत शॅम्पेनच्या तज्ज्ञांचें साह्य घेऊन असें मद्य निघालें, तें 'ओमर खय्याम' या नांवानें. कवीचें नांव चालतें, गांवाचें चालत नाहीं; आम्हां साहित्यिकांस याची जरा मौज वाटली.

नांवावर एवढी नजर, हातांवर किती? प्रांताच्या नियमाप्रमाणें द्राक्षें हातानेंच तोडावीं लागतात. २०२३ सालच्या हंगामांत कडक उन्हाळ्यांत कांहीं मजूर मृत्यु पावले, आणि त्याच हंगामांतील मजुरांस हीन स्थितींत राबविल्याच्या एका प्रकरणांत २०२५ सालीं शालों येथील न्यायालयानें तिघांस दोषी ठरविलें. बोलँजेचा या प्रकरणाशीं संबंध नाहीं, हें येथें स्पष्ट केलें पाहिजे. परंतु कोलीन गाय यांचा ग्रंथ ज्यांस मिळेल त्यांनीं त्यांतील १९११ च्या दंग्याचा भाग आधीं वाचावा, आणि मग लिलीबाईंचें सायकलीवरील छायाचित्र पाहावें.