उसनी अमेरिका आणि गुन्हेगाराचा रंग

रहस्यकथा म्हणजे प्रवासात वाचायची आणि गाडीच्या डब्यातच विसरून यायची वस्तू, असे मानून आपल्या समीक्षेने तिच्याकडे पाठ फिरवली. चळवळीतील अभ्यासकांनीही बहुधा हेच केले. परंतु संशय कुणाचा घ्यायचा, कुणाच्या मरणाने वाचकाने हळहळायचे आणि कुणाच्या मरणाने नाही, हे लाखो मनांवर ठसवण्याचे काम मान्यवर कादंबऱ्यांपेक्षा ही पुस्तके अधिक करतात. म्हणून ब्रिटिश लेखकांनी अमेरिकेवर रचलेल्या थरारकथांची चिकित्सा आपण करायला हवी.

जेम्स हॅडली चेस हे नाव आपल्याकडील रेल्वे स्टेशनांच्या बुकस्टॉलवर वर्षानुवर्षे दिसत आले. हा लेखक अमेरिकन असावा, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात तो १९०६ साली लंडनमध्ये जन्मलेला रेने रेमंड. पुस्तकविक्रीच्या धंद्यात राहून वाचकाला काय हवे असते हे त्याने नेमके ओळखले होते. १९३९ साली 'नो ऑर्किड्स फॉर मिस ब्लँडिश' ही त्याची पहिली कादंबरी आली तेव्हा त्याने अमेरिका पाहिलेली नव्हती. नकाशे आणि अमेरिकन बोलीचे शब्दकोश एवढ्या भांडवलावर त्याने तिथल्या टोळ्या उभ्या केल्या. त्याआधी १९३६ साली पीटर चेनी या लंडनच्याच लेखकाने लेमी कॉशन हा अमेरिकन सरकारी हेर बाजारात आणला होता.

जॉर्ज ऑर्वेलने १९४४ साली चेसच्या या कादंबरीवर लिहिताना तिच्यातील शक्तिपूजेवर बोट ठेवले. ते बरोबरच आहे. पण आपल्याला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. ही शक्तिपूजा मांडायला अमेरिकाच का लागली? ज्या इंग्लंडच्या साम्राज्यात लाठी, तुरुंग आणि फाशी हा रोजचा कारभार होता, तिथल्या लेखकाला हिंसा शोधायला समुद्रापार जाण्याची गरज नव्हती. उसन्या भूमीवर एक सोय असते. तिथल्या रक्ताचा जाब लेखकाला कुणी विचारत नाही आणि वाचकही स्वतःला निर्दोष समजून पान उलटतो. १९४० साली चेसने एका कादंबरीच्या शीर्षकातच चिनी माणसांसाठीची शिवी वापरली. पुढे शीर्षक बदलले गेले. परंतु उसन्या मुलखात शिवी किती सहज सुचते, ते त्यातून दिसले.

कुणी म्हणेल, चेसने देश पाहिला नव्हता म्हणून असे झाले. मग इयान फ्लेमिंगचे काय? त्याने न्यूयॉर्क पाहिले होते, फ्लोरिडाकडे जाणाऱ्या रेल्वेने प्रवासही केला होता. त्याची 'लिव्ह अँड लेट डाय' ही कादंबरी एप्रिल १९५४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा नायक जेम्स बाँड हार्लेममध्ये जातो. तिथे मिस्टर बिग हा काळा गुन्हेगार सोव्हिएत हेरखात्यासाठी काम करीत असतो आणि व्हूडूच्या भीतीवर त्याने साऱ्या काळ्या वस्तीला आपले डोळे-कान बनवलेले असते. काळे लोक आता सर्वच क्षेत्रांत बुद्धिमान माणसे देऊ लागले आहेत, तेव्हा एखादा थोर गुन्हेगारही त्यांच्यातून निघणारच, अशा अर्थाचे उद्गार बाँडच्या वरिष्ठाच्या तोंडी आहेत. माणसाच्या प्रगतीची कबुलीही द्यायची आणि त्याच श्वासात तिचा शेवट गुन्ह्यात करायचा, ही रीत आपल्या ओळखीची आहे.

या कादंबरीत रेल्वेतील काळे सेवक आणि ट्रकचालक हे बिगच्या जाळ्याचे दुवे मानले आहेत. बाँडला सावध करणारा एक रेल्वेसेवकही तीत आहे, हे मान्य केले पाहिजे. पण तो अपवाद म्हणूनच येतो. आता इतिहास पाहा. पुलमन कंपनीच्या डब्यांतील या सेवकांनी ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली १९२५ साली संघटना बांधली आणि १९३७ साली कंपनीला करार करायला लावला. त्याच संघटनेचे ई. डी. निक्सन डिसेंबर १९५५ मध्ये माँटगोमेरीच्या बस-बहिष्काराच्या उभारणीत पुढे होते. म्हणजे गावोगाव जोडलेले जाळे होतेच. ते हक्कांसाठी झगडणाऱ्या कामगारांचे होते. कादंबरीने त्याला गुन्हेगारांचे जाळे केले. ती प्रसिद्ध झाल्यावर दीड महिन्याच्या आत, १७ मे १९५४ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. तो लढा वर्षानुवर्षे चाललेला होता. फ्लेमिंगच्या हार्लेममध्ये त्याचा मागमूस नाही.

हार्लेमवरील एका प्रकरणाचे शीर्षक काळ्यांसाठीच्या शिवीने सुरू होत होते. १९५५ च्या अमेरिकन आवृत्तीत ते बदलले. २०२३ साली निघालेल्या नव्या आवृत्तीत असे आणखी शब्द काढले वा बदलले. शब्द गेले, रचना तशीच राहिली. सोवळे पाळणाऱ्याने तोंडातली शिवी टाकली म्हणून त्याची विहीर खुली होत नाही.

या साऱ्याला उत्तर मिळाले ते याच साहित्यप्रकारातून. पॅरिसमध्ये मार्सेल द्युआमेलने १९४५ साली 'सेरी न्वार' ही गुन्हेगारी कादंबऱ्यांची माला सुरू केली. तिची पहिली पुस्तके चेनी आणि चेस यांची होती. त्याच द्युआमेलने पुढे चेस्टर हाइम्स या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखकाला गुन्हेगारी कादंबरी लिहायला सांगितले. हाइम्सने सशस्त्र दरोड्याबद्दल तुरुंग भोगला होता आणि तुरुंगातच तो लिहू लागला होता. १९५७ साली त्याच्या हार्लेम-मालिकेतील पहिली कादंबरी आली आणि १९५८ साली तिला फ्रान्सचे गुन्हेगारी साहित्याचे मोठे पारितोषिक मिळाले.

'कॉटन कम्स टू हार्लेम' (१९६५) या त्याच्या कादंबरीत सत्त्याऐंशी कुटुंबे आफ्रिकेत परत जाण्याच्या आशेने प्रत्येकी हजार डॉलर भरतात आणि फसवली जातात. फसवणारा काळाच आहे; हाइम्स आपल्या माणसांना देव करीत नाही. पण ती माणसे का फसली, कशाला विटून देश सोडायला निघाली, हे तो विसरू देत नाही. हाइम्सचेही दोष आहेत. त्याचे काळे पोलीस काळ्यांनाच झोडपतात आणि त्याची स्त्री-चित्रणे आज खटकतात. शिवाय हार्लेमवर तोही दूर युरोपात बसून लिहीत होता आणि ते हार्लेम वास्तव असल्याचा त्याचा दावा नव्हता.

इथे आपल्याला आपलीही एक समजूत तपासावी लागते. 'भोगले त्यानेच लिहावे' एवढे म्हणून भागत नाही. चेसने पाहिले नव्हते, फ्लेमिंगने पाहिले होते, हाइम्सने काही भोगले आणि बरेचसे रचले. फरक रचण्यात नाही, रचना कुणाच्या बाजूने उभी राहते यात आहे. वस्ती ही भीतीची जागा म्हणून येते की माणसांच्या घरांची, ही खरी कसोटी होय. अनुभव ही दलित साहित्याची पुंजी आहे, पण बांधिलकीशिवाय ती पुंजीही बाजारात विकली जाऊ शकते.

अण्णाभाऊ साठ्यांनी हे जाणले होते. ज्या ब्रिटिश राजवटीने १८७१ पासूनच्या कायद्यांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, तिच्याविरुद्ध त्यांनी 'फकिरा' (१९५९) उभा केला. उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा हा मांग सरकारदप्तरी गुन्हेगार आणि वाचकाच्या मनात नायक आहे. पाठलाग, झुंज, उत्कंठा असा रंजक कथेचा सारा ऐवज अण्णाभाऊंनी वापरला. केवळ संशयाचे बोट उलट दिशेला वळवले. त्यांना 'रंजक' म्हणून बाजूला सारणाऱ्या समीक्षेला ते बोट दिसले नाही, की ते आपल्याकडेच वळले आहे हे दिसल्यामुळे तिने डोळे मिटले?

गुन्हेगारी कायदे १९५२ साली रद्द झाले. गुन्हेगार कोण हे आधीच ठरवून ठेवणारी कथा मात्र रद्द झालेली नाही. ती चोपडी पुस्तकांतून, पडद्यावरून आणि पोलीस-चौकीतून रोज सांगितली जाते. तिला केवळ नकार देऊन थांबता येणार नाही; तीच कथा हाती घेऊन आपल्याला ती पुन्हा सांगावी लागेल.