अरबी समुद्रातील हरित नॉक्टिल्युका : एका कार्यकारणभावाची चिकित्सा

कोणत्याही जलसृष्टीत कोणत्या वनस्पतिप्लवकांचे प्राबल्य राहील, हे प्रकाश, तापमान, पाण्याची घुसळण आणि पोषकद्रव्यांचा पुरवठा यांवर अवलंबून असते, हे तत्त्व आता सर्वमान्य आहे. मतभेद उद्भवतो तो पुढच्या पायरीवर. एखाद्या समुदायाचे स्वरूप पालटले, तर एकाच काळात बदलणाऱ्या अनेक घटकांपैकी नेमक्या कोणत्या घटकाला कारण म्हणावयाचे आणि त्यासाठी किती पुरावा पुरेसा मानावयाचा? उत्तर अरबी समुद्रातील हिवाळी प्लवकांविषयी गेली काही वर्षे जो वाद चालू आहे, तो या प्रश्नाच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे.

वादाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. हिवाळ्यात ईशान्येकडून येणारे थंड व कोरडे वारे या समुद्राचा पृष्ठभाग थंड करतात. थंड झालेले जड पाणी खाली जाते, खालचे पोषकसमृद्ध पाणी वर येते आणि त्यावर वनस्पतिप्लवकांचा बहर येतो. पूर्वी या बहरात डायाटम, म्हणजे सिलिकेचे कवच असणारी सूक्ष्म करंडक शैवाले, प्रमुख असत. या शतकाच्या आरंभापासून मात्र त्यांची जागा नॉक्टिल्युका सिंटिलान्स या डायनोफ्लॅजेलेटाचा हरित प्रकार घेऊ लागला. हा जीव दुहेरी वृत्तीचा आहे. आपल्या पेशीत वाढणाऱ्या सहजीवी हरित शैवालाच्या प्रकाशसंश्लेषणावर तो जगतो, आणि इतर प्लवकांना, त्यांत डायाटमांनाही, गिळून खातो.

२०१४ साली हेल्गा गोम्स, जोआकिम गोएस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात या स्थित्यंतराची मीमांसा केली. प्राणवायू कमी असलेल्या पाण्याचा प्रसार प्रकाशित थरापर्यंत होत आहे आणि तेच या स्थित्यंतराचे कारण आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. नौकेवरील प्रयोगांत, प्राणवायू कमी असताना नॉक्टिल्युकेचे कार्बन-ग्रहण वाढते आणि डायाटमांचे घटते, असे त्यांना आढळले. या निबंधाचे महत्त्व नाकारता येणार नाही. केवळ बदलाची नोंद करून न थांबता त्याला शरीरक्रियेचा आधार देण्याचा प्रयत्न त्यात आहे, आणि कसोटीला लावता येईल असे स्पष्ट विधान त्याने पुढे ठेवले.

परंतु नेमक्या त्या कसोटीवर विधानाची बाजू दुबळी पडते. बाटलीतील प्रयोग एखाद्या जीवाची क्षमता दाखवितो. समुद्रात तीच क्षमता निर्णायक ठरली, हे त्यावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी बहराच्या ठिकाणी व बहराच्या काळी प्राणवायू खरोखरच न्यून होता, असे दिसावयास हवे. अनीश लोटलीकर आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ईशान्य अरबी समुद्रातील ज्या बहरांचे वर्णन केले, त्यांचा प्राणवायूच्या न्यूनतेशी संबंध आढळला नाही. एवढ्यावरून न्यूनता कोठेही साहाय्यक नसते, असे म्हणता येत नाही. पण ती आवश्यक अट आहे, हे मत मात्र टिकत नाही. शिवाय नॉक्टिल्युका डायाटमांचे भक्षण करीत असल्यामुळे डायाटमांची घट काही अंशी भक्षणाचाही परिणाम असू शकेल. स्पर्धेतील पराभव आणि भक्ष्य होणे या दोन भिन्न प्रक्रिया आहेत. प्राणवायू एवढा एकच घटक बदलणाऱ्या प्रयोगातून त्या वेगळ्या करता येत नाहीत.

२०२० साली गोएस आणि सहकाऱ्यांनी आणखी एक दुवा जोडला. हिमालय व तिबेटच्या पठारावरील हिमाच्छादन घटल्यामुळे हिवाळी वारे अधिक उष्ण व दमट झाले, समुद्राची घुसळण मंदावली, पोषकद्रव्ये कमी वर आली आणि मिश्रपोषी नॉक्टिल्युकेला अनुकूल स्थिती निर्माण झाली, अशी ही साखळी आहे. रामोन मार्गालेफ यांनी १९७८ साली मांडलेल्या आराखड्याशी ती सुसंगत दिसते. घुसळण व पोषकद्रव्ये विपुल असता डायाटम आणि दोन्ही क्षीण असता डायनोफ्लॅजेलेट प्रबळ होतात, असे तो आराखडा सांगतो. मात्र खाऊन जगण्याची सोय त्याच्या या दोन अक्षांत धरलेली नाही. म्हणून नॉक्टिल्युकेसारख्या जीवाच्या बाबतीत हा मेळ पुरावा न ठरता केवळ सूचक राहतो. याहून महत्त्वाचा प्रश्न दोन्ही मीमांसांच्या परस्परसंबंधाचा आहे. घुसळण मंदावली असेल, तर खालचे प्राणवायुहीन पाणी वर कोणत्या मार्गाने येते? हा मार्ग दाखविल्याखेरीज दोन्ही कारणे एकत्र नांदू शकत नाहीत.

तुलनेसाठी सरोवरविज्ञानातील एक उदाहरण पाहता येईल. १९७३ साली कॅनडातील ओंटॅरिओ प्रांतात २२६ क्रमांकाच्या सरोवराचे पडद्याने दोन भाग करण्यात आले. एका भागात कार्बन व नायट्रोजन घातले, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला फॉस्फरस. शैवालांचा बहर फॉस्फरसयुक्त भागातच आला. तेथे कारण स्वतंत्रपणे हाताळता आले, म्हणून निष्कर्ष निर्विवाद ठरला. समुद्रात असा पडदा घालता येत नाही. तेथे प्राणवायू, सिलिका, नायट्रेट, मिश्रथराची खोली आणि प्राणिप्लवक यांची एकाच नौकेवरून, बहराच्या आधीपासून ओसरेपर्यंत सलग मापने घेणे, हाच जवळचा पर्याय उरतो. बहर ऐन भरात असताना घेतलेला नमुना परिणाम दाखवितो. कारणाचा क्रम त्यात हाती लागत नाही.

या वादाचे मोल केवळ शास्त्रीय नाही. नॉक्टिल्युकेची पेशी डायाटमांच्या मानाने फार मोठी असते. लहान प्राणिप्लवकांना ती सहजी खाता येत नाही, तर साल्पांसारख्या श्लेषमय प्राण्यांना ती भक्ष्य म्हणून चालते. त्यामुळे माशांपर्यंत पोचणारी अन्नसाखळीच बदलण्याचा संभव असतो. दोष किनाऱ्यावरील शहरांच्या सांडपाण्यामुळे वाढणाऱ्या प्राणवायुन्यूनतेचा असेल, तर उपाय नगरपालिकांच्या आवाक्यातला आहे. तो हिमाच्छादनाच्या ऱ्हासाचा असेल, तर सांडपाण्याच्या शुद्धीकरणाने, इतर कारणांसाठी ते कितीही इष्ट असले तरी, हा बहर आवरणार नाही. चुकीचे कारण मान्य झाले, तर त्याची किंमत मच्छीमाराला मोजावी लागेल. म्हणून परिस्थिती प्लवकसमुदायाला घडविते, एवढे सामान्य सत्य येथे पुरेसे नाही. कोणती परिस्थिती, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या जीवाच्या कोणत्या वृत्तीद्वारे, हे दाखविले गेले तरच त्या सत्याला स्पष्टीकरणाची योग्यता येते. २०१४ च्या निबंधाने प्रश्न धीटपणे विचारला, हे त्याचे श्रेय. त्याचे उत्तर मात्र अद्याप सिद्धान्ताच्या पदवीस पोचलेले नाही.