भेटायला कोणी जायचं? : ‘द स्ट्रेट स्टोरी’ पाहताना

आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जायची रीत आहे. शहाळं घेऊन नातेवाईक येतात, पलंगाशेजारी बसून हळू आवाजात विचारपूस करतात. पण आजारी माणूसच कोणाला भेटायला जातो म्हणाला, की घर हादरतं. ‘तू कशाला दगदग करतेस? आम्हीच येतो की!’ त्यात माया असतेच. पण आपल्या माणसाकडे आपणहून जाण्याचा हक्कही त्या मायेत हळूच काढून घेतला जातो.

डेव्हिड लिंचचा ‘द स्ट्रेट स्टोरी’ (१९९९) हा सिनेमा नेमका या हक्काबद्दल आहे. गोष्ट खरी आहे. १९९४ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यातले ७३ वर्षांचे ॲल्विन स्ट्रेट शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये आजारी भावाला भेटायला निघाले. नजर अधू, त्यामुळे गाडीचा परवाना नाही. मग त्यांनी गवत कापायच्या यंत्राला मागे एक छोटी गाडी जोडली आणि त्यावर सुमारे २४० मैल कापले. साधारण सहा आठवडे लागले.

सिनेमात ॲल्विन झाला आहे रिचर्ड फार्न्सवर्थ. आयुष्याचा मोठा काळ त्याने स्टंटमन म्हणून घोड्यांवरून पडण्यात घालवला होता. चित्रीकरणाच्या वेळी त्याचा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरला होता, पाय नीट साथ देत नव्हते. पडद्यावर दोन काठ्या टेकत चालणारा म्हातारा दिसतो, त्या चालण्यात अभिनय किती आणि दुखणं किती हे वेगळं काढता येत नाही. सिनेमात मात्र कॅन्सरचा उल्लेखही नाही.

हे कळल्यावर सिनेमा वेगळा दिसतो का? दिसतो, आणि तिथेच सावध राहायला हवं. ‘आनंद’पासून (१९७१) आपल्याला हसतमुख रोग्याची सवय झाली आहे. तो मरता मरता भोवतालच्यांना जगायला शिकवतो आणि आपण डोळे पुसत बाहेर पडतो. ‘स्ट्रेट स्टोरी’ही अधूनमधून त्या वाटेला जातो. घरातून पळालेल्या मुलीला ॲल्विन काटक्यांच्या मोळीवरून कुटुंबाची एकी समजावतो, तेव्हा तो प्रवासी राहत नाही, गुरुजी होतो.

सिनेमाची खरी ताकद किरकोळ व्यवहारांत आहे. उतारावर यंत्र बिघडतं आणि ॲल्विन एका अनोळखी कुटुंबाच्या अंगणात मुक्काम करतो. फोन हवा असतो, पण तो घरात शिरत नाही. फोन बाहेर मागून घेतो आणि कॉलचे पैसे ठेवतो. यंत्र दुरुस्त करणाऱ्या जुळ्या भावांशी बिलावरून घासाघीस करतो. यजमान म्हणतो, मी गाडीने पोचवतो. ॲल्विन आभार मानून नकार देतो. हा हट्ट वाटतो, पण तसा तो नाही. दहा वर्षं भावाशी अबोला आहे. तो मोडायला दुसऱ्याच्या गाडीत मागे बसून जाणं त्याला पुरेसं वाटत नाही. रस्त्यावरचा प्रत्येक संथ मैल म्हणजे न बोलता मागितलेली माफी आहे.

उणिवाही आहेत. वाटेत भेटणारे जवळजवळ सगळे भलेच निघतात. त्याहून मोठी उणीव म्हणजे घरी राहिलेली मुलगी, रोझ. सिसी स्पेसेकने ती सुंदर उभी केली आहे, पण बाप रस्त्यावर असताना तिचे ते आठवडे कसे गेले, याला सिनेमात फार थोडी जागा मिळते. रोग्याचा हक्क मान्य करायचा, तर मागे राहिलेल्याची धास्तीही मान्य करावी लागते.

शेवटी भावाच्या मोडक्या घरासमोर दोघे म्हातारे बसतात. भांडणाचा हिशेब कोणीच काढत नाही. भावाचं लक्ष त्या यंत्राकडे जातं, दोन-चार शब्द होतात आणि मग दोघे वर आकाशाकडे बघतात.

या भूमिकेसाठी फार्न्सवर्थला ७९व्या वर्षी ऑस्करचं नामांकन मिळालं. ऑक्टोबर २०००मध्ये त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. सिनेमातल्या शांततेने त्याचं दुखणं बरं केलं नाही, आणि धैर्य हे काही वेदनेवरचं औषध नव्हे. वेदनेला उपचारच लागतात. म्हणून हा सिनेमा ‘हिंमत असेल तर सगळं जमतं’ अशा स्टेटसखाली खपवू नये.

त्याचं म्हणणं त्याहून लहान आणि जास्त उपयोगाचं आहे. घरातलं कोणी उपचार चालू असताना ‘मला ताईकडे जाऊन यायचंय’ म्हणालं, तर पहिला प्रश्न ‘कशाला?’ हा नसावा. डॉक्टर काय म्हणतात, कोणती औषधं बरोबर घ्यायची, किती तासांनी थांबायचं, हे प्रश्न आधी विचारता येतात.