पडद्यावरील उजेडाचे माप

दूरचित्रवाणीच्या पडद्याने किती उजळावे, हे अनेक दशके काचेच्या नळीने ठरवले. स्टुडिओतील संदर्भ-मॉनिटर १०० निट्सला जुळवलेला असे. एक निट म्हणजे चौरस मीटरला एक कँडेला. १९९० साली आलेल्या बीटी.७०९ या हाय डेफिनिशन मानकाने चित्रातील रेषा वाढवल्या, पण उजेडाचे माप नळीच्याच काळातले ठेवले. पुढे नळी गेली, एलसीडी आली, तरी संकेत तोच राहिला. उन्हातला साधा पांढरा कागददेखील हजारो निट्सनी उजळतो. जुन्या मापात तो कागद आणि त्यामागे तळपणारे पाणी एकाच पांढऱ्या रंगात विरून जात. २०१० मध्ये आलेला आरी अलेक्सा कॅमेरा सुमारे १४ स्टॉपचा (दर स्टॉपला उजेड दुप्पट) पल्ला टिपू लागला, तेव्हा तर हे टिपलेले बरेच काही घरापर्यंत पोचतच नाही, हे उघड झाले.

एचडीआर म्हणजे हाय डायनॅमिक रेंज ही त्या तुटीवरची दुरुस्ती आहे. एचडीआर म्हणजे अधिक झगझगीत चित्र, ही समजूत दुकानातल्या भिंतीवर ओळीने लावलेल्या संचांनी पसरवली आणि तिने या तंत्राचे नुकसानच केले. बीटी.२४०८ या अहवालात साध्या पांढऱ्या पृष्ठभागासाठी सुचवलेली पातळी २०३ निट्स आहे. त्यावरची सगळी जागा काचेवर उमटणारा कवडसा, दिव्याची ज्योत, ओल्या दगडावरची तिरीप अशा मोजक्या तेजासाठी राखलेली असते. चेहरा आहे तिथेच राहतो. त्याच्या डोळ्यांतली चमक तेवढी खरी होते. लाभ काळ्या टोकालाही तितकाच आहे: अंधाऱ्या खोलीच्या कोपऱ्यातली भिंत काळ्या डागात बुडत नाही.

यासाठी संकेताची भाषाच बदलावी लागली. डॉल्बीने २००७ मध्ये ब्राइटसाइड ही कंपनी विकत घेऊन या क्षेत्रात पाऊल टाकले. संकेतातल्या आकड्याला किती उजेड द्यायचा हे ठरवणारा, डॉल्बीत घडलेला पीक्यू वक्र २०१४ मध्ये एसएमपीटीई एसटी २०८४ या नावाने मानक झाला. जुना वक्र नळीच्या स्वभावातून आला होता, हा डोळ्याच्या स्वभावातून आला. काळोखातला बारीकसा फरकही डोळ्याला कळतो, प्रखर उजेडातला तेवढाच फरक कळत नाही. म्हणून ० ते १०,००० निट्स एवढ्या पल्ल्यातले निम्मे आकडे पीक्यू पहिल्या सुमारे १०० निट्समध्येच खर्च करतो आणि १,००० निट्सपाशी तीन चतुर्थांश संपवतो. शिवाय प्रत्येक आकडा ठरावीक निट्स सांगतो. संचाने आपल्या कुवतीप्रमाणे उजळावे, ही पूर्वीची मोकळीक इथे नाही. चित्राचे रंग आणि उजेड जुळवणाऱ्या रंगकाराने ठरवलेला उजेड तसाच घरी पोचावा, असा हा करार आहे. या साऱ्या घडामोडीत खरोखर नवे काही असेल तर ते हेच.

बीबीसी आणि जपानच्या एनएचकेला हा करार थेट प्रक्षेपणासाठी जाचक वाटला. त्यांनी एकत्र घडवलेल्या एचएलजी पद्धतीत खालचा भाग जुन्या वक्रासारखा आणि वरचा लॉगरिदमी असतो. उजेड संचाच्या कुवतीनुसार ठरतो, सोबत वेगळी माहिती धाडावी लागत नाही आणि जुन्या संचावरही चित्र बऱ्यापैकी दिसते. २०१८ च्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने बीबीसीने आयप्लेयरवर याच पद्धतीने दाखवले. २०१६ च्या बीटी.२१०० या मानकात पीक्यू आणि एचएलजी दोन्हींना जागा मिळाली. एचडीआर१०, एचडीआर१०+ आणि डॉल्बी व्हिजन ही खोक्यांवर दिसणारी नावे पीक्यूवरच उभी आहेत. एचडीआर१० सबंध चित्रपटाला एकच माहितीपत्र जोडतो, बाकीचे दोन दृश्यागणिक ते बदलू शकतात.

कराराचा भंग होतो तो घरच्या संचात. चित्रपट १,००० किंवा ४,००० निट्सच्या मॉनिटरवर सजवला जातो. स्वस्त संच जेमतेम ३०० निट्स गाठतो आणि तरीही त्याच्या खोक्यावर एचडीआर छापलेले असते, कारण संकेत वाचता येणे एवढ्यावर तो शिक्का मिळतो. मग संच वरचा उजेड दाबून आपल्या मर्यादेत बसवतो. या दाबण्याला टोन मॅपिंग म्हणतात आणि ते प्रत्येक कंपनी आपापल्या रीतीने करते. चांगल्या संचांनाही आपापली अडचण आहे. ओएलईडीचा प्रत्येक बिंदू पूर्ण विझतो, त्यामुळे त्याचा काळोख अस्सल असतो. पण पडदाभर बर्फ पसरले की तो वीज आणि उष्णता आवरण्यासाठी मंदावतो. मागच्या छोट्या दिव्यांच्या गटांनी उजळणारा मिनी-एलईडी तिथे टिकतो, मात्र काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या उपशीर्षकांभोवती त्याचे धुरकट वलय उमटते.

तूट संचातच येते असे नाही, प्रक्षेपणातही येते. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेतला रात्रीच्या लढाईचा भाग एप्रिल २०१९ मध्ये दाखवला गेला. काही दिसतच नाही, अशी प्रेक्षकांची तक्रार होती. प्रक्षेपण जुन्या मापाचे होते, त्यात पाठवण्यासाठी संकेतातली माहिती बरीच कमी केलेली. धुक्याच्या छटांचे पट्टे पडले. त्याच वर्षअखेर आलेल्या ४के डिस्कवर १० बिटांचा एचडीआर होता. आठ बिटांत २५६ पायऱ्या मिळतात, दहात १,०२४. त्या धुक्याला लागणारी जागा तिथे होती.

खोलीचा प्रश्न मात्र डिस्कने सुटत नाही. पीक्यू जवळपास अंधाऱ्या खोलीचा हिशेब धरतो. खिडकीतून ऊन येणाऱ्या दिवाणखान्यात तेच निश्चित निट्स अपुरे पडतात. २०२० मध्ये जाहीर झालेले डॉल्बी व्हिजन आयक्यू खोलीतला उजेड मोजून चित्र सावरते, म्हणजे मूळ कराराला थोडी मुरड घालते, आणि ही मुरड रास्त आहे. अनेक प्रेक्षक अजून जुन्या मापाचेच चित्र पाहतात. म्हणून एचडीआर प्रत पुरी झाल्यावर रंगकार १०० निट्सची प्रतही दृश्यागणिक पुन्हा तपासतो.