रॉकी, फूल आणि आमचा मोर

कन्येने नवी गिटार रंगवायला काढली आणि घरात वादंग माजला. मी मध्यस्थ म्हणून तिच्यापुढे जॉर्ज हॅरिसनच्या ‘रॉकी’चा फोटो ठेवला. १९६७ साली त्याने आपली फिकट निळी स्ट्रॅटोकास्टर स्वतःच रंगवली. झगझगीत फ्लोरोसंट रंग, आणि गिटारच्या डोक्याला बायकोचं हिरवं चमचमतं नेलपॉलिश! चित्रकला म्हणून काठावर पास. पण वाजवणाऱ्याच्या हातचा खोडकरपणा तिच्यात आहे.

त्याच वर्षी ‘द फूल’ या डच चित्रकार मंडळींनी एरिक क्लॅप्टनची गिब्सन एसजी रंगवली. चित्र म्हणून ती कितीतरी सरस. पण रंग थेट मानेवरसुद्धा! जिथे हात सतत सरकतो तिथे तो टिकणार कसा? पोपडे निघालेच. आपल्या मिरजेच्या सतारीवर नक्षी असते ती बहुधा भोपळ्यावर, कडांना. मींड घेणाऱ्या हाताची वाट मोकळी.

कन्येची गिटार अकूस्टिक. तिची पुढची पातळ फळी थरथरते म्हणून तर आवाज येतो; तिथे जाड रंग नको एवढीच अट घातली. पाठीवर मोर आला. पिसारा झकास, पाय मात्र बदकाचे.