पाऊल आणि पाखरू

गेल्या पावसाळ्यात इथल्या, म्हणजे बेळगावच्या, एका छोट्या कार्यक्रमात एका तरुण संगीतकाराने चोर्ल्याच्या घाटात पायी हिंडून सुचलेली रचना ऐकवली. पाणी, बेडूक, पाखरे असे सारे त्याने यंत्रावर टिपून आणले होते आणि त्यावर बासरी चढवली होती. टाळ्या भरपूर पडल्या. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "डोळे मिटले की रानच!" बाहेर पडताना मी त्या मुलाला म्हणालो, "पाखरे आली रे, पण तुझे चालणे कुठे आहे?" तो हिरमुसला. "म्हणजे काय करायला हवे होते, काका?" मला धड उत्तर देता आले नाही.

उत्तर शोधण्यासाठी बेथोव्हनची सहावी सिंफनी, 'पास्टोरल', पुन्हा काढली. चालता चालता सुचलेल्या संगीताचा विषय निघाला की तिचे नाव येतेच. हा माणूस व्हिएन्नाबाहेरच्या खेड्यांतून तासन्‌तास हिंडे आणि खिशातल्या वहीत सुचेल ते टिपून ठेवी. सिंफनीच्या दुसऱ्या भागात ओढा आहे आणि त्याच्या शेवटी तीन पाखरे बोलतात : बासरीवर नाइटिंगेल, ओबोवर लावा, क्लॅरिनेटवर कोकीळ. लोकांना नेमकी तीच आठवतात. मला विचाराल तर तो त्या भागातला सर्वांत हलका मजकूर. खरी किमया खाली चाललेल्या तंतुवाद्यांच्या संथ, गोल हेलकाव्यात आहे. १८०३ च्या सुमाराच्या टिपणवहीत त्याने ओढ्याचा नाद टिपला आहे आणि ओढा जितका मोठा तितका त्याचा स्वर खोल, असेही नोंदवले आहे. हे काठाकाठाने चाललेल्या माणसाचे निरीक्षण आहे. एका जागी बसलेल्याला एकच ओढा ऐकू येतो.

पण चालणे खरे भेटते ते पहिल्या भागात. तिथे मध्यावर एक इवलीशी स्वराकृती येते आणि पुन्हा, पुन्हा, पुन्हा तीच येत राहते. खालचा स्वरमेळ हलत नाही. ख्याल ऐकणाऱ्या आपल्या कानाला लेहऱ्याची आठवण व्हावी. कंटाळा येणार असे वाटते न वाटते तोच सारा स्वरमेळ एकदम दुसरीकडे सरकतो, आणि आकृती मात्र तीच. पाऊल तेच, वळण आले नि समोरचा डोंगर बदलला! इथे कशाचीही नक्कल नाही. हे चित्रणापेक्षा भावनेचे प्रकटीकरण आहे, असे बेथोव्हनने स्वतःच बजावले होते. (चौथ्या भागातल्या वादळात मात्र त्याने नगारे वाजवलेच. सबंध सिंफनीत ते तेवढ्यापुरतेच येतात.)

ही सिंफनी २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात प्रथम वाजली. त्याआधी सहा वर्षे, १८०२ मध्ये, हायलिगेनश्टाटहून भावांना लिहिलेल्या आणि कधीच न धाडलेल्या पत्रात त्याने आपल्या बहिरेपणाचे दुःख मांडले आहे. शेजारच्या माणसाला दुरून पावा ऐकू येतो, गुराखी गाताना ऐकू येतो, आणि याला काहीच नाही! म्हणजे ती पाखरे त्याने किती ऐकली आणि किती आठवली, कोण सांगणार? पावलांना मात्र कान लागत नाहीत.

याउलट आपल्या सुळेभावीचे कुमारजी. क्षयाने गाठल्यावर १९४८ मध्ये ते देवासला गेले. गायला मनाई, वर्षानुवर्षे अंथरूण. माळवा त्यांनी हिंडून नव्हे, पडून ऐकला. जवळ येणारी आणि दूर जाणारी लोकगीते ऐकली. चालणारे दुसरेच होते. त्या धुनांतून त्यांचे धुनउगम राग निघाले. 'गीतवर्षा'त ढगांच्या गडगडाटाची नक्कल मला कुठेच आढळत नाही. आहे ती उन्हाने तापलेल्याची वाट पाहणे. "काय पाऊस पाडला!" अशी दाद देणाऱ्यांनी ती वाट पाहणे ऐकलेच नाही, असे मला नेहमी वाटते.

एवढी सिद्धता करून त्या मुलाला घरी बोलावले. सारे त्याने निमूटपणे ऐकून घेतले आणि आपली रचना पुन्हा लावली. मधेच म्हणाला, "हा फुलटोच्या, काका." मला काही ऐकू आले नाही. त्याने पुन्हा लावले. तरी नाही. बारीक, उंच स्वर माझ्या कानांतून दोनेक वर्षांपासून गळू लागले आहेत; घरात हे कुणाला सांगितलेले नाही. त्यालाही सांगितले नाही.

पाखरे सोडून मग मी बासरीच धरली. मधल्या भागात तिची लय जड होते, दर चौथ्या मात्रेला किंचित थांबते, आणि पुढे अचानक सैल सुटते.

"इथे चढण होती?" मी विचारले.

"हो. तिथे दम लागला होता."